अन्नपूर्णा आणि रवींद्र : १८७८ च्या मुंबईतील एका नात्याचा प्रकरण अभ्यास

१८७८ सालच्या पावसाळ्यात सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी पाहुणा म्हणून राहायला आला. त्याला विलायतेला जायचे होते, परंतु इंग्रजी बोलण्याचा सराव नव्हता, परक्या घरात वावरण्याची सवय नव्हती आणि नात्यातल्या बायका सोडल्या तर स्त्रियांशी मोकळेपणाने बोलण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलाच नव्हता. त्याला तयार करण्याचे काम डॉक्टरांच्या मुलीकडे, अन्नपूर्णा ऊर्फ अना हिच्याकडे आले. ती त्याच्यापेक्षा काही वर्षांनी मोठी होती, इंग्लंडला जाऊन आलेली होती आणि त्या काळच्या मापाने विलक्षण शिकलेली होती. मुलाचे नाव रवींद्रनाथ ठाकूर. त्याचा तेथील मुक्काम फार तर दोन महिन्यांचा असेल, कारण २० सप्टेंबर १८७८ रोजी तो थोरल्या भावाबरोबर बोटीने इंग्लंडला निघाला. या नात्याला प्रेमकथेचा साज चढवून ते पुष्कळदा सांगितले गेले आहे. माझ्या मते या प्रकरणात अभ्यासण्याजोगी गोष्ट प्रेमापेक्षा वेगळी आहे. अधिक जाणत्या, अधिक मुक्त आणि वयाने मोठ्या व्यक्तीने एका बुजऱ्या मुलाला त्याच्या स्वतःच्या शब्दावर मोठे मानले, आणि ते करताना त्याच्याकडून काहीही घेतले नाही, ही ती गोष्ट होय.

मुलगा

कलकत्त्यातील जोडासाँकोच्या ठाकूरवाड्यात मुलांचे बालपण नोकरांच्या हाती असे. वडील देवेंद्रनाथ बहुतेक वेळ प्रवासात असत आणि आईचा सहवास बेताचाच मिळे. रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत श्याम नावाच्या नोकराची हकीकत सांगितली आहे. तो या लहान मुलाला खोलीत एका जागी बसवून त्याच्याभोवती खडूने रिंगण आखी आणि बोट उगारून, गंभीर चेहऱ्याने, रेषेबाहेर गेलास तर संकट ओढवेल असे बजावून निघून जाई. लक्ष्मणरेषा ओलांडल्यावर सीतेचे काय झाले हे मुलाने रामायणात वाचलेले होते, म्हणून तो त्या रिंगणाबाहेर पाऊल टाकत नसे. खिडकीखाली तळे होते, काठावर वडाचे झाड होते, आणि तासन् तास ते पाहत बसणे एवढेच त्याच्या हाती होते.

पुढे एकामागून एक शाळा झाल्या आणि सुटल्या. १८७५ च्या मार्च महिन्यात आई वारली, तेव्हा त्याला चौदा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. त्यानंतर घरात त्याला माया लावली ती वहिनी कादंबरीदेवींनी, ज्योतिरिंद्रनाथांच्या पत्नीने. वयाने दोनच वर्षांनी मोठ्या असलेल्या या वहिनी त्याच्या पहिल्या वाचक होत्या आणि कठोर परीक्षकही होत्या. कवी बिहारीलाल चक्रवर्तींसारखे लिहिणे तुला कधी जमणार नाही, असे त्या त्याला ऐकवत आणि त्याच्या चेहऱ्यातही खोट काढत. अडकित्त्याने सुपारी फार बारीक कातरता येते, हा एकच गुण त्या मान्य करत. यात दुष्टपणा नव्हता, दिराच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून चाललेली ती प्रेमळ थट्टा होती. परंतु सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात स्वतःचे जे चित्र तयार झाले, ते त्या थट्टेतूनच झाले. मी दिसायला बेताचा, शिक्षण अर्धवट राहिलेला आणि कवी म्हणून दुय्यम, असे ते चित्र होते.

थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरलेले पहिले भारतीय. १८७८ मध्ये ते अहमदाबादला न्यायाधीश होते आणि साबरमतीकाठच्या शाहीबागेतील जुन्या महालात राहत होते. त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी मुलांसह आधीच इंग्लंडला गेलेली होती. सत्येंद्रनाथ कचेरीत गेले की धाकटा भाऊ त्या प्रचंड, ओस महालात एकटा फिरत असे, इंग्रजी पुस्तकांतील चित्रे पाहत असे आणि चांदण्या रात्री गच्चीवर स्वतःच्या गीतांना चाली लावीत असे. त्याच वर्षी ‘भारती’ मासिकात त्याचे दान्ते आणि बियात्रिचे, पेत्रार्क आणि लॉरा, गटे आणि त्याच्या प्रेयसी यांच्यावरील लेख छापून आले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. प्रेम हा विषय त्याला ठाऊक होता, परंतु तो सगळा युरोपच्या ग्रंथांतून आलेला होता. घराबाहेरच्या एखाद्या स्त्रीसमोर बसून चार वाक्ये बोलण्याची वेळ मात्र अजून यायची होती.

घर सोडून आलेल्या या मुलाचे मन कोठे रमत नाही हे भावाच्या ध्यानात आले. परक्या प्रदेशातही आपलेपणा देऊ शकतील अशा स्त्रियांची ओळख झाली तर त्याला बरे वाटेल आणि इंग्रजीही सहज येईल, असा विचार करून त्यांनी त्याला मुंबईला पाठवले. या प्रकरणाची सुरुवात अशी पालकाच्या विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयातून झालेली आहे, हे पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावे लागते.

तर्खडकरांचे घर

अशी घरे तेव्हाच्या हिंदुस्थानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आत्माराम पांडुरंग हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे त्यांचे थोरले बंधू, आणि १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मधून इंग्रजी राजवटीवर जळजळीत पत्रे लिहिणारे भास्कर पांडुरंग हेही त्यांचे बंधूच. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला तो आत्मारामांच्या पुढाकाराने. पुढे १८७९ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत जे दोन हिंदी गृहस्थ होते, त्यांपैकी एक तेच होते. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातील नवऱ्याकडे नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला आणि १८८४ पासून जो खटला गाजला, तो याच वर्तुळातील होता. याचा अर्थ असा, की या मंडळींच्या घरांत मुलींच्या शिक्षणाचा आणि लग्नाच्या वयाचा प्रश्न व्याख्यानापुरता नव्हता, तो रोजच्या जेवणाच्या पंगतीला बसलेला होता.

प्रार्थना समाज आणि ब्राह्मो समाज यांच्या जवळिकीमुळे ठाकूर आणि तर्खडकर ही घराणी एकमेकांना परकी नव्हती. त्यामुळे एका तरुण मुलाला आपल्या घरी ठेवून घेणे, मुलीने त्याला शिकवणे, दोघांनी बसून गप्पा मारणे, यात आत्मारामांना काही वावगे वाटले नाही. सगळे उघड्यावर होते. घरची माणसे आसपास होती आणि कोणालाही काही लपवावे लागत नव्हते.

मुंबईतील ते दिवस

काय घडले हे आपल्याला प्रामुख्याने रवींद्रनाथांच्याच शब्दांतून कळते. ‘छेलेबेला’ हे बालपणावरील पुस्तक त्यांनी १९४० मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी प्रसिद्ध केले, आणि त्याच्या अखेरीस हा मुक्काम येतो. आपली विद्या अगदी सामान्य होती, तिने आपल्याकडे दुर्लक्ष केले असते तरी तिला दोष देता आला नसता, पण तिने तसे केले नाही, असे ते तेथे सांगतात. पुस्तकी ज्ञान मिरवण्याएवढे भांडवल जवळ नव्हते, तेव्हा संधी मिळेल तशी, आपल्याला कविता लिहिता येते ही गोष्ट हा मुलगा तिच्या कानावर घालीत असे. कौतुक मिळवण्यासाठी त्याच्यापाशी तेवढेच होते. आणि तिने त्या कवीपणाची मोजमापे काढली नाहीत, तिने ते मान्य करून टाकले, असे त्यांनी लिहिले आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणाचा गाभा या एका वाक्यात आहे. आजवर ज्याने त्याने त्याला तोलून पाहिले होते, शाळेने, भावांनी, वहिनींनीही. येथे पहिल्यांदा तराजूच बाजूला ठेवला गेला.

मग तिने त्याच्याकडे एक नाव मागितले. कवीने आपल्याला टोपणनाव द्यावे, असे तिचे म्हणणे. त्याने ‘नलिनी’ हे नाव दिले. ते त्याला त्या क्षणी सुचलेले नव्हते. ‘भारती’त आधीच क्रमशः छापून आलेल्या त्याच्या ‘कविकाहिनी’ या काव्याच्या नायिकेचे नाव नलिनी आहे. म्हणजे आपल्या कल्पनेत ज्या स्त्रीला त्याने घडवले होते, तिचे नाव त्याने समोर बसलेल्या, रक्तामांसाच्या, आपल्याहून कितीतरी अधिक जग पाहिलेल्या स्त्रीला देऊन टाकले. पोरवयातील प्रेमाचे हे फार खरे लक्षण आहे. समोरचे माणूस दिसण्याआधी मनातली मूर्ती दिसते. अन्नपूर्णेला हे कळले असणार, कारण त्याने तिला ते काव्य वाचून, अर्थ सांगून ऐकवले होते. तरीही तिने ते नाव आनंदाने घेतले.

ते नाव गुंफून त्याने एक गीत रचले आणि भल्या सकाळी भैरवीच्या सुरांत तिला म्हणून दाखवले. ऐकून ती म्हणाली, की कवी, तुझे गाणे ऐकले तर मी मरणाच्या दिवशीदेखील जिवंत होऊन उठेन. म्हाताऱ्या रवींद्रनाथांनी यावर लगेच पुस्ती जोडली आहे, की स्त्रिया ज्याचे कौतुक करू पाहतात त्याच्याविषयी थोडा मध मिसळून, वाढवूनच बोलतात, आणि ते आनंद वाटण्यासाठीच असते. या पुस्तीत साठ वर्षांनंतरचा संकोच आहे असे मला वाटते. वाक्य त्यांनी जपून ठेवले होते. ते जसेच्या तसे कागदावर उतरवल्यावर आता आपण हुरळून गेलो असे कोणी समजू नये, एवढ्यासाठी ही सावधगिरी आहे.

आपल्या रूपाची वाखाणणी प्रथम तिच्याच तोंडून ऐकली, असेही ते सांगतात. तू दाढी कधी राखू नकोस, तुझ्या चेहऱ्याची कड कशानेही झाकली जाऊ नये, एवढे माझे ऐकच, असे तिने त्याला बजावले होते. ते काही पाळले गेले नाही हे सर्वांना माहीत आहे. पण ही अवज्ञा चेहऱ्यावर उमटण्यापूर्वीच ती या जगातून गेली होती, अशी नोंद त्यांनी केली आहे.

हातमोज्यांचा एक किस्साही उत्तरकालीन संभाषणातून आलेला आहे आणि बहुतेक लेखांत त्यालाच सर्वांत मोठी जागा मिळते. मला तो सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. झोपलेल्या स्त्रीचे हातमोजे पळवणाऱ्याला तिचे चुंबन घेण्याचा हक्क मिळतो, असे सांगून तिने थट्टेने एक आव्हान दिले आणि मुलगा जागचा हलला नाही, याहून अधिक त्यात काही नाही. त्यावरून कादंबऱ्या रचणाऱ्यांनी कल्पनेने पुढचे भरले आहे. लग्नाची बोलणी झाली होती, वडिलांनी ती मोडली, अशा गोष्टीही सांगितल्या जातात. रवींद्रनाथांच्या स्वतःच्या लेखनात मात्र त्यांचा मागमूस नाही.

१९१२ आणि १९४०

या प्रकरणातील सर्वांत विचार करायला लावणारा पुरावा हा एका गाळलेल्या मजकुराचा आहे. १९१२ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यानंतर, रवींद्रनाथांनी ‘जीवनस्मृती’ प्रसिद्ध केली. तिच्यात अहमदाबाद आहे, शाहीबागेची गच्ची आहे आणि नंतर थेट विलायत आहे. मधली मुंबई नाही. त्याच पुस्तकात ब्रायटनच्या शाळेतील मुख्याध्यापकांनी आपल्या चेहऱ्याकडे पाहून, किती सुरेख मस्तक आहे तुझे, असे म्हटल्याची आठवण येते, आणि ती लक्षात राहण्याचे कारणही सांगितले आहे : घरी एका व्यक्तीने आपला गर्व उतरवण्याचे काम अंगावर घेतले होते आणि आपले कपाळ व चेहरा जगाच्या मानाने मध्यम प्रतीचा आहे असे पटवून दिले होते. आता ‘छेलेबेला’तील विधान शेजारी ठेवून पाहा. १९४० मध्ये ते म्हणतात, की पहिली वाखाणणी तिच्या तोंडून ऐकली. म्हणजे १९१२ मध्ये ब्रायटनच्या एका पंतोजींना मिळालेली जागा अठ्ठावीस वर्षांनी मूळ मालकिणीला परत मिळाली. तीही नावाशिवाय मिळाली, कारण तेथे तिचा उल्लेख मुंबईच्या एका गृहस्थाच्या घरातील शिकलेली मुलगी एवढाच आहे.

हे मौन का पाळले असेल? तिचे अकाली जाणे, तिच्या सासरच्या माणसांचा मान, स्वतःचा संसार, ही कारणे संभवतात. १९२७ मध्ये गायक-लेखक दिलीपकुमार रॉय यांच्याशी बोलताना मात्र त्यांनी तिची आठवण आपुलकीने काढली आणि कोणत्याही स्त्रीच्या प्रेमाला आपण कधी कमी लेखले नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. मला तरी असे वाटते, की ज्या गोष्टीला रूढ नाव नसते ती सांगायला फार उशीर लागतो. हे लग्नापर्यंत गेलेले नाते नव्हते, बहीणभावाचे नव्हते, आणि केवळ शिकवणीचेही नव्हते. ‘छेलेबेला’त त्यांनी त्यासाठी शब्द शोधले ते असे, की अनोळखी प्रदेशातून आपल्या माणसाची दूती न बोलावता येते, हृदयाच्या ताब्यातील मुलखाची हद्द वाढवून जाते, आणि पुढे कितीही हाक मारली तरी मिळत नाही.

काय बदलले

परिणाम मोजताना जपून बोलले पाहिजे, कारण दोन महिन्यांच्या शिकवणीला सर्व श्रेय देणे चुकीचे ठरेल. तरी इंग्लंडमधील मुलगा जोडासाँकोच्या मुलापेक्षा वेगळा आहे, यात शंका नाही. लंडनमध्ये तो स्कॉट कुटुंबात राहिला. हिंदी पाहुणा येणार म्हणून त्या घरातील मुली आधी नातेवाइकांकडे निघून गेल्या होत्या, आणि थोड्याच काळात तो त्यांच्या घरचा झाला, त्यांच्यासोबत गाऊ लागला. तेथून त्याने ‘भारती’साठी जी पत्रे लिहिली, त्यांत स्त्री-पुरुषांनी एकत्र वावरण्याची आणि स्त्रियांना घराबाहेर मोकळीक असण्याची बाजू त्याने इतक्या ठामपणे मांडली, की मासिकाचे संपादक असलेल्या थोरल्या भावाने, द्विजेंद्रनाथांनी, त्या पत्रांना विरोधी टिपा जोडून ती छापली. खडूच्या रिंगणात बसणारा मुलगा अठराव्या वर्षी सर्वांत मोठ्या भावाशी छापील वाद घालत होता. वयात येणे म्हणतात ते मला या पत्रांत दिसते. स्त्रियांच्या मोकळेपणाविषयी तो जे लिहीत होता, त्याचा एक नमुना त्याने विलायतेला पोहोचण्याआधीच एका मराठी घरात पाहिला होता.

येथे आजच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे मला भाग आहे. वयाने मोठ्या माणसाने किशोरवयीन मुलाला वा मुलीला एकटे गाठून, तू वयाच्या मानाने फार समजूतदार आहेस असे म्हणून जवळ ओढणे, याला या प्रकरणाचा आधार देता येणार नाही. तेथे लपवाछपवी असते, घरच्यांपासून तोडणे असते, आणि कौतुकाची किंमत पुढे वसूल केली जाते. आपला कायदा अठरा वर्षांखालील मुलांना जे संरक्षण देतो ते त्यासाठीच आहे. तर्खडकरांच्या घरी थोरल्या भावाला सर्व माहीत होते, मोठ्या व्यक्तीने लहानाला मोकळे सोडले होते, जाण्याचा दिवस ठरलेला होता आणि त्या दिवशी त्याला कोणी अडवले नाही. हे फरक तपशिलाचे नाहीत.

अन्नपूर्णेची बाजू

तिच्या बाजूने फार थोडे उरले आहे. त्यात २६ नोव्हेंबर १८७८ चे एक पत्र आहे, ज्योतिरिंद्रनाथांना लिहिलेले. ‘कविकाहिनी’ पुस्तकरूपाने निघाल्यावर त्यांनी तिला प्रत पाठवली, तिची ती पोच आहे. काव्य छापून आलेले ‘भारती’चे अंक कवीने जाण्यापूर्वीच आपल्याला दिलेले आहेत आणि ते आपल्याला वाचून, भाषांतर करून इतक्यांदा ऐकवले गेले आहे की जवळजवळ पाठ झाले आहे, असे ती कळवते. पत्र मर्यादशील आहे, पोच देणाऱ्या सुसंस्कृत मुलीचे आहे. परंतु बंगाली न येणाऱ्या स्त्रीने एका सतरा वर्षांच्या मुलाचे आख्खे काव्य तोंडपाठ होईपर्यंत ऐकावे, यात तिने दिलेला वेळ आणि लक्ष स्पष्ट दिसते. शिकवणारी ती होती. तरी त्या घरात काही तास शिकवण्याची पाळी त्याचीही येत होती, आणि ती तिने येऊ दिली.

११ नोव्हेंबर १८८० रोजी तिने हॅरॉल्ड लिटलडेल यांच्याशी लग्न केले. ते बडोद्याच्या कॉलेजात होते. पुढे ती पतीबरोबर ब्रिटनमध्ये गेली आणि १८९१ मध्ये एडिंबरा येथे वारली, तेव्हा ती चाळिशीलाही पोहोचलेली नव्हती. नलिनी हे नाव तिने लग्नानंतरही टाकले नाही, आणि तिच्या एका भाच्याचे नाव रवींद्रनाथ ठेवले गेले, असे रवींद्रनाथांचे चरित्रकार कृष्ण कृपलानी यांनी नोंदवले आहे. दोन वेळा समुद्र ओलांडलेल्या, इंग्रजी वाङ्मयात मुरलेल्या या मराठी स्त्रीची ओळख आज जवळपास सर्वत्र ‘टागोरांची पहिली प्रेयसी’ अशी करून दिली जाते, हे मला मनापासून खटकते. तिचा त्या मुलावर जो परिणाम झाला तो ती स्वतः कोणीतरी होती म्हणून झाला.

९ डिसेंबर १८८३ रोजी रवींद्रनाथांचे लग्न झाले. ते बावीस वर्षांचे होते आणि वधू भवतारिणी जेमतेम दहा वर्षांची. वयातील हे अंतर त्या दोन घराण्यांत कोणाला विशेष वाटले नाही. सासरी तिचे नाव बदलून मृणालिनी ठेवण्यात आले. त्यात नलिनी दडलेली आहे असे काही जण सुचवतात, आणि त्याला पुरावा नसल्याने मी ते मान्य करीत नाही. पाच वर्षांपूर्वी मुंबईत एका शिकलेल्या मुलीने आपल्या इच्छेने नाव मागून घेतले होते. जोडासाँकोला आलेल्या या मुलीला कोणी विचारलेच नव्हते.